दप्तराच्या जुन्या पेटीचा जीर्णोद्धार

१

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संशोधकाचें सारें लक्ष कागदांकडे जातें, व तें स्वाभाविकहि आहे. रुमाल सोडावे, पुडकीं वेगळीं करावीं, शक व तिथि लावाव्या, नकला घ्याव्या, या कामांत महिने आणि वर्षें जातात. परंतु तें दप्तर ज्या पेटींतून निघालें तिची विचारपूस क्वचितच कोणी करतो. ती माळ्यावर परत जाते, धान्य भरण्याच्या कामीं लागते, किंवा घरमालक तिला सुताराकडे धाडून, घांसूनपुसून व पॉलिश करून दिवाणखान्यांत मांडतात. या शेवटच्या प्रकारास जीर्णोद्धार असें नांव मिळतें. आणि पेटीचें अधिकांत अधिक नुकसान होतें तें याच प्रकारानें होतें. माळ्यावर पडलेल्या पेटींतील पुरावा निदान शिल्लक तरी राहतो. रंध्याखालून निघालेल्या पेटींतील पुरावा कायमचा जातो.

कागदांच्या बाबतींत आपल्या संशोधकांनीं एक शिस्त स्वतःस लावून घेतली आहे. फाटलेला शब्द तर्कानें भरल्यास तो कंसांत घालावा, लेखनांतील चूक दिसली तरी मूळ जसेंच्या तसें छापावें, शंका असेल ती निराळी नोंदवावी, या गोष्टी आतां कोणास सांगाव्या लागत नाहींत. हीच शिस्त लांकडासहि लावावी, इतकेंच प्रस्तुत लेखाचें म्हणणें आहे. पेटी हेंहि एक ऐतिहासिक साधन होय, आणि तिची दुरुस्ती करणारा हा एका अर्थानें तिचा संपादक होय. संपादकाचें पहिलें कर्तव्य पाठ सुंदर करणें हें नसून तो राखणें हें आहे.

२

सोयीसाठीं एक पेटी डोळ्यांपुढें आणूं. देशावरील एखाद्या कुळकर्णी किंवा देशपांडे घराण्यांत शोभावी अशी ती आहे असें समजावें: सागवानी, सुमारें ३ फूट लांब व २० इंच रुंद, झांकण एकाच रुंद फळीचें व त्यास आंतून दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, पुढें लोखंडी कडी-कोयंडा, आंत डाव्या अंगास लहानसा कप्पा, खालीं चार ठेंगणे पाय. झांकणास उभी चीर गेली आहे, एक पाय पोखरला आहे, व मागील एक बिजागरी केव्हां तरी बदललेली दिसते.

या पेटीचें वाचन लांकडापासून सुरू करावें. रंगावरून मात्र लांकूड ठरवूं नये. फणसाचें लांकूड ताजें असतां पिवळें दिसतें व कालांतरानें गडद तपकिरी होतें. धूर, तेल व हातांचा मळ बसल्यावर सागहि शिसवीसारखा काळसर दिसूं लागतो. तळाच्या खालच्या बाजूस, किंवा बिजागरीखालीं झांकून राहिलेल्या जागीं, मूळ रंग व रेषा शोधाव्या. तळाची खालची बाजू आणि पाठीची फळी सुतार सहसा साफ करीत नसे. म्हणून त्याच्या हत्यारांच्या खुणा तेथेंच सांपडतात. वाकसाचे ठोके उथळ खळग्यांसारखे दिसतात. हातकरवतीच्या रेषा सरळ, पण कमीजास्त अंतरावर असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या रेषा कमानीसारख्या वळलेल्या असतात.

त्यानंतर खिळे पाहावे. लोहारानें घडलेला खिळा चौकोनी, टोंकाकडे निमुळता, व माथ्यावर हातोड्याचे ठोके बसलेला असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आला. मळसूत्री खिळ्यांचें, ज्यांस सुतार स्क्रू म्हणतात त्यांचें, तसेंच आहे. यंत्रानें केलेले टोंकदार स्क्रू इ. स. १८५० च्या सुमारास युरोप-अमेरिकेंत प्रचारांत आले. त्यापूर्वीच्या स्क्रूचें टोंक बोथट असे. परंतु या पुराव्याचा अर्थ लावतांना सावधगिरी पाहिजे. आपल्या पेटीच्या बदललेल्या बिजागरींत टोंकदार स्क्रू आढळले, तर त्यावरून ती बिजागरी १८५० नंतर बसविली एवढेंच ठरतें. पेटी त्यानंतरची आहे असें ठरत नाहीं. उलट, सारे खिळे हातघडणीचे आहेत एवढ्यावरून पेटी जुनी असेंहि म्हणतां येत नाहीं; कारण यंत्राचे खिळे आल्यावरहि गांवचे लोहार खिळे घडीतच होते. नकलेचा काळ व ग्रंथाचा काळ हे जसे वेगळे धरावे लागतात, तसाच दुरुस्तीचा काळ व घडणीचा काळ वेगळा धरला पाहिजे.

याहूनहि मोलाच्या खुणा वापराच्या असतात, व त्याच प्रथम पुसल्या जातात. आंतील बाजूवर मोडी अक्षरें किंवा रुमालांचे आंकडे लिहिलेले असूं शकतात. पूर्वीं आणखी एखादा कप्पा होता व तो काढला गेला, हें लांकडाच्या रंगांतील सरळ रेघेवरून समजतें. झांकणावर हळदकुंकवाचे डाग असल्यास ते दसऱ्याच्या किंवा लक्ष्मीपूजनाच्या पूजेचे असण्याचा संभव आहे. दिव्याच्या तेलाचे ओघळ असल्यास त्या पेटीवर रात्रीं दिवा ठेवीत असत असें अनुमान निघतें. कांहीं पेट्यांस आंतून रद्दी कागदांचें अस्तर लाविलेलें असतें, व ती रद्दी कधीं कधीं पेटींतील कागदांहून जुनी निघते. सुताराच्या दृष्टीनें हा सारा मळ असतो. पोथींतील चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लेखक त्यावर हरताळ फांसत; कांचकागद घेऊन बसलेला कारागीर न चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फांसतो, एवढाच भेद.

३

सबब कोणत्याहि दुरुस्तीपूर्वीं पेटीची नक्कल करावी, म्हणजे तिची पूर्ण नोंद करावी. सहाहि बाजूंचीं आंतून-बाहेरून छायाचित्रें घ्यावीं. तीं घेतांना एक दिवा बाजूनें, फळीशीं जवळजवळ समांतर धरावा. त्या तिरप्या उजेडांत समोरून न दिसणाऱ्या हत्यारांच्या खुणा व कोरलेलीं अक्षरें उठून दिसतात. प्रत्येक छायाचित्रांत मोजपट्टी ठेवावी. मापें, सांध्यांची रचना, खिळ्यांच्या जागा एका कागदावर आंखून घ्याव्या. सुटा होणारा भाग सोडविण्यापूर्वीं त्यास दोऱ्यानें चिठ्ठी बांधावी. लांकडावर खडूनें किंवा शाईनें आंकडे घालूं नयेत.

तळाच्या फटींत सांठलेली धूळहि एकदम झाडून टाकूं नये. मऊ कुंचल्यानें ती कागदावर घ्यावी व चाळून पाहावी. मोहरेच्या लाखेचे कण, कागदांचे कपटे, तुटलेले बंद अशा ठिकाणीं सांपडतात. एखादा कपटा रुमालांतील फाटक्या पत्राच्या कोपऱ्याशीं जुळला तर त्या पत्राची तारीख हातीं लागण्याचाहि संभव असतो. अस्तराचे कागद असल्यास ते ओले करून ओढूं नयेत. आपल्या जुन्या कागदांची शाई बहुधा काजळाची, डिंकांत खललेली. ती वाळल्यावर शेंकडों वर्षें काळी राहते, परंतु पाणी लागतांच हलते. हीच गोष्ट लांकडावर लिहिलेल्या अक्षरांस लागू आहे. म्हणून अशा जागीं ओलें फडकें फिरविणें म्हणजे लेखच पुसणें होय.

४

नोंद झाल्यावर पहिला प्रश्न किडीचा. तो केवळ पेटीपुरता नाहीं. पेटी जर कागदांजवळ ठेवावयाची असेल तर तिच्यांतील कीड ही दप्तराची कीड आहे. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यांतील तेलकट द्रव्यांमुळें. त्यांच्या योगें वाळवी त्या गाभ्यास सहसा तोंड लावीत नाहीं. सालीजवळचें फिकट लांकूड मात्र इतर लांकडांप्रमाणेंच कच्चें असतें. आपल्या पेटीचा एकच पाय पोखरला जाण्याचें कारण बहुधा हेंच, कीं तो पाय अशा फिकट भागाचा किंवा निराळ्याच हलक्या लांकडाचा असावा.

कीड कोणती हें ओळखल्याशिवाय उपाय करूं नये. जमिनींतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधते; तिला ओलावा लागतो, आणि जमिनीचा संबंध तोडला कीं ती बहुधा नाहींशी होते. कोरड्या लांकडांत राहणारी वाळवी दुसरी. ती नळ्या बांधीत नाहीं; तिची विष्ठा खसखशीच्या दाण्यांसारखी कणीदार असते व भिंगाखालीं तिला सहा पैलू दिसतात. तिसरा शत्रु भुंगेऱ्याचा. याची अळी फिकट लांकडांतील पिष्ट खाऊन आंतल्या आंत भुकटी करते व पुढें भुंगेरा एक-दोन मिलिमीटरचें वाटोळें भोंक पाडून बाहेर येतो; त्याची पूड मैद्यासारखी मऊ असते. जुनीं भोंकें दिसलीं म्हणजे कीड आजहि आहे असें नव्हे. पेटी नीट झाडून तिच्याखालीं काळा कागद पसरावा व दोन-तीन आठवड्यांनीं पाहावें. ताजी पूड पडली नाहीं तर पावसाळ्यांत पुनः पाहावें.

कीड जिवंत आहे असें ठरलें तर घरगुती उपायांनीं भागत नाहीं. वेखंड, कडूलिंबाचा पाला, कापूर, डांबराच्या गोळ्या हे उपाय नव्या किड्यांस दूर ठेवण्यास थोडेबहुत उपयोगी पडतील. लांकडाच्या आंत बसलेली अळी त्यांनीं मरत नाहीं. रॉकेल चोळल्यानें लांकडास डाग पडतो, आगीचें भय वाढतें, व वास कागदांत उतरतो. कडक उन्हांत पेटी ठेवल्यास किड्यांपूर्वीं सांधेच उकलतात. आजच्या संग्रहालयांत पेटी हवाबंद पडद्याच्या पिशवींत घालून आंतील प्राणवायु शोषून घेण्याची पद्धति रूढ आहे. त्याचें प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खालीं गेलें व तें सुमारें तीन आठवडे तसेंच ठेवलें म्हणजे अंड्यांपासून भुंगेऱ्यापर्यंत सर्व अवस्था मरतात, आणि लांकडास कोणतेंहि विष लागत नाहीं. हें काम जाणत्याच्या देखरेखीखालींच करावें. लखनौ येथें १९७६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला याच विषयास वाहिलेली आहे. उपाय होईपर्यंत पेटी प्लास्टिकमध्यें गुंडाळून कागदांपासून वेगळ्या खोलींत ठेवावी. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ ठिकाणीं डी. डी. टी. ची भुकटी पेट्यांतून टाकीत असत. पांढरी पूड दिसल्यास ती किड्याचीच आहे असें न समजतां हातमोजे व तोंडास पट्टी लावूनच हाताळावी.

५

दुसरा प्रश्न झांकणाच्या चिरेचा. चीर दिसली कीं ती लुकणानें भरावी अशी कारागिराची संवय असते. परंतु चीर कां पडली हें आधीं समजून घेतलें पाहिजे. लांकूड हवेंतील ओल घेतें व सोडतें, आणि त्याबरोबर फुगतें व आकसतें. हा फरक रेषांच्या लांबींत जवळजवळ नसतोच. जो होतो तो रुंदींत होतो. हिरव्या स्थितीपासून पूर्ण कोरडें होईपर्यंत साग वार्षिक वलयांच्या दिशेनें सुमारें ६ टक्के व त्यांस आडव्या दिशेनें सुमारें अडीच टक्के आकसतो. पुण्यासारख्या ठिकाणीं वैशाखांतील दुपारची हवा अत्यंत कोरडी व श्रावणांतील हवा ओलीचिंब. या दोहोंमध्यें २० इंच रुंदीची फळी पाव इंचापर्यंत कमीजास्त होऊं शकते.

आतां आपल्या पेटीच्या आडव्या पट्ट्यांकडे पाहावें. त्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेनें आहे. म्हणजे फळी आकसते त्या दिशेस पट्टी आकसत नाहीं. पट्टी दोन्ही टोंकांस खिळ्यांनीं पक्की धरलेली असल्यामुळें फळीला हलण्यास वाव राहिला नाहीं, आणि ती फाटली. ही चीर उन्हाळ्यांत लुकणानें घट्ट भरली तर पावसाळ्यांत फळी फुगण्यास जागा मागेल, ती न मिळाल्यानें सांधे ढकलील, व पुढच्या उन्हाळ्यांत शेजारीं नवी चीर पडेल. दुरुस्तीनें दुखणें वाढतें तें असें.

याकरितां पट्टीचे मधले खिळे कायम ठेवून शक्य असल्यास कडेचे तेवढे सैल करावे, म्हणजे फळीस दोन्ही अंगांनीं सरकतां येईल. चीर अरुंद असल्यास ती तशीच राहूं द्यावी. तिच्यानें पेटीचें कांहींहि बिघडत नाहीं. आंत धूळ जाऊं नये एवढ्यासाठींच ती बुजवावयाची असेल, तर जुन्या सागाची पातळ चीप घेऊन ती एकाच कडेला सरसानें चिकटवावी व दुसरी कड मोकळी ठेवावी.

६

साफसफाईंत पहिलें साधन कोरडा मऊ कुंचला, आणि बहुतेक वेळां तेंच शेवटचेंहि असावें. बाहेरील मळ काढणें अवश्यच वाटल्यास प्रथम झांकलेल्या जागीं कापसाच्या बोळ्यानें परीक्षा करावी. स्पिरिट लावतांच पृष्ठभाग चिकट झाला तर तो लेप लाखेचा आहे. लाख ही आपल्याच देशाची वस्तु. पण ती स्पिरिटांत विरघळवून बोळ्यानें थरावर थर देण्याची आज ओळखीची असलेली पॉलिशची रीत युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आली. तेव्हां पेशवाईंतील म्हणून दाखविलेल्या पेटीवर असें पॉलिश आढळल्यास तें मागाहून चढविलेलें असण्याचाच संभव अधिक. तें काढावें असें मात्र यावरून होत नाहीं. तोहि पेटीच्या चरित्राचाच एक भाग आहे.

लांकडास तेल पाजण्याची चाल जुनी आहे, व घरांतील पाटचौरंगांस ती हितावहहि असेल. दप्तराच्या पेटीस ती वर्ज्य मानावी. जवसाचें तेल वाळून कठीण होतें, काळवंडतें, पुढें काढतां येत नाहीं, आणि वाळतांना कागदास अपायकारक अशा आम्ल वाफा सोडतें. तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, ही गोष्ट कागदांच्या खोलींत विसरण्यासारखी नाहीं. फार तर बाहेरील बाजूस मेणाचा अत्यंत पातळ हात द्यावा. आंतील बाजूस कांहींहि लावूं नये. लोखंडी कडीचा सुटा गंज कुंचल्यानें काढावा, पण ती चकचकीत करूं नये. खिळ्याभोंवतालचा काळा डाग लोखंड व लांकडांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगानें पडलेला असतो. तो घांसून जात नाहीं, घांसल्यानें फळी मात्र झिजते.

७

आतां पोखरलेल्या पायाविषयीं. येथें नवें लांकूड घालावेंच लागेल, कारण त्यावांचून पेटी उभी राहणार नाहीं. ज्या दुरुस्तीवांचून वस्तु टिकत नाहीं ती करावी, जिच्यावांचून केवळ शोभा कमी होते ती करूं नये, ही येथील कसोटी. पायाचा भरीव भाग तसाच ठेवून गेलेला भाग तेवढा नव्या सागानें पुरा करावा. पोकळ झालेला, पण आकार राखून असलेला भाग ॲसिटोनमध्यें विरघळविलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेसारख्या द्रव्यानें दृढ करतां येतो. सांध्यास सरस वापरावा. सरस उष्णता व ओल यांनीं पुनः सुटतो, म्हणून उद्यांच्या अधिक जाणत्या मनुष्यास आपलें काम उकलतां येतें. आजचे कृत्रिम डिंक अधिक पक्के खरे, परंतु त्यांचा सांधा उकलतांना लांकूडच तुटतें. पावसाळी ओलींत सरस नरमतो हा त्याचा दोष आहे. पेटी कोरड्या जागीं ठेवणें हा त्यावरचा उपाय.

नवा तुकडा जुन्यासारखा रंगवून फसवूं नये. चार हातांवरून पाहतां तो डोळ्यास खुपूं नये, पण जवळ येऊन पाहणाऱ्यास तत्काळ ओळखतां यावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत जो पाठ पूर्ण निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. त्या रेघेनें वाचनास अडथळा येत नाहीं, आणि वाचकाची फसवणूकहि होत नाहीं. पेटीच्या नव्या पायांत, आंतल्या अंगास, दुरुस्तीचें साल कोरून ठेवणें ही लांकडावरील नागमोडी रेघच समजावी. वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेंतहि तत्त्व हेंच आहे: जेथें पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबावा. आपल्या पेटींतील दुसरा कप्पा पूर्वीं होता हें रंगावरून कळतें. तो किती उंच होता, त्यास झांकण होतें कीं नाहीं, हें कळत नाहीं. सबब तो नव्यानें करूं नये.

८

दुरुस्त झालेल्या पेटींत दप्तर पुनः ठेवावें काय, असा प्रश्न संग्राहकांस पडतो. सर्वच लांकडांतून थोड्याफार आम्ल वाफा निघत असतात, व बंद पेटींत त्या सांठून कागद ठिसूळ करण्यास हातभार लावतात. म्हणून मोलाचे कागद आम्लरहित पुठ्ठ्याच्या वेगळ्या पेट्यांत ठेवणें बरें. जुन्या पेटींतच ठेवणें भाग असेल तर प्रत्येक पुडकें धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटांत बांधावें. खळ राहिली तर ती कसरीचें खाद्य होते. पेटी भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावी, आणि पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस उघडून पाहावी. कागद कोठेंहि गेले तरी पेटीस व दप्तरास एकच क्रमांक द्यावा, व यादींत दोहोंची नोंद एकमेकांजवळ करावी. पेटी एकदां नुसतें फर्निचर झाली व दप्तर नुसते कागद झाले, म्हणजे तें दप्तर कोणत्या घरांत, कोणत्या क्रमानें, कोणत्या हातांखालीं राहिलें हें सांगणारा साक्षीदार उरत नाहीं.

शेवटीं एक लहान गोष्ट. पोथी पुरी झाली म्हणजे लेखक अखेरीस आपलें नांव, शक, तिथि व स्थळ लिहून ठेवी. त्या चार ओळींवर आज आपण ग्रंथांचा काळ ठरवितों. पेटी दुरुस्त करणाऱ्यानेंहि तसेंच करावें. काय आढळलें, काय काढलें, काय नवें घातलें, कोणता सरस व कोणती राळ वापरली, कोणत्या साली, कोणाच्या हातून, हें टिकाऊ कागदावर लिहून त्याची एक प्रत यादींत व एक पेटीच्या कप्प्यांत ठेवावी. पुढें ती पेटी उघडणाऱ्यास जुन्या सुताराचें काम कोणतें आणि आपलें कोणतें, हें त्या कागदावरून वेगळें करतां येईल.